तोरणाखालची पहिली जोडी

२४ जुलै, गुरुवार

आदेश हातात आला. बुलढाण्याला प्रांत ऑफिसात सही करून घेतला आणि एसटीत उभ्यानेच परत. गावाच्या पोलीस पाटील पदावर माझं नाव. परीक्षा दिली तेव्हा वाटलं होतं, नापास होईन आणि सुटेन. पास झाले.

यांनी कागद वाचला, घडी घातली. म्हणाले, "आज अवस आहे. उद्या आणला असता तं काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, हो ना, प्रांतसाहेबांना सांगायला हवं होतं, आमच्याकडचं कॅलेंडर पाहून सही करत जा.

मामाजी ओट्यावर होते. सासऱ्यांच्या जागेवर सून, गावाला बोलायला विषय. त्यांच्यापुढे कागद धरला. डाव्या हाताने घेतला, उजवा मांडीवर तसाच पडून.  मग म्हणाले, "पोळा." एवढंच.

मलाही येताना बसमध्ये तेवढंच सुचत होतं. महिन्यावर आलाय.

२८ जुलै, पहिला श्रावण सोमवार

एकदा सगळं लिहून काढते. डोक्यात नुसता गुंता झालाय.

पोळ्याला आखरावर, गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, तोरण बांधतात, त्याखालून पहिली जोडी कुणाची जाणार हा मान एका साली वरच्या आळीचा, एका साली खालच्या आळीचा. कधीपासून, कुणाला ठाऊक नाही. परवाच्या साली लम्पी आला. पोळा भरलाच नाही, बैल गोठ्यात पुजले. त्या साली पाळी खालच्या आळीची होती. गेल्या साली पोळा भरला तर खालची आळी म्हणे, आमची पाळी राहिली, आधी आम्ही. वरची म्हणे, साल गेलं तशी पाळी गेली, आता आम्ही. मामाजी तेव्हा पो.पा. त्यांनी वरच्या आळीला मान दिला. आमचं घर खालच्या आळीत, सगळी भावकी. घरचं पाहिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून दिला.

मग काठ्या निघाल्या, एकही जोडी तोरणाखालून गेली नाही. मामाजी मधे पडले. एक काठी मानेवर बसली. हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. पोलिसांनी विचारलं, कोण? "दिसलं नाही." राजीनामा दिला तो डाव्या हाताचा अंगठा उठवून. ज्यांचं अक्षर अख्खं गाव वाखाणायचं त्यांनी.

भावकी आपल्याच माणसाला कशी मारेल, म्हणून नाव वरच्या आळीवर. मीही तेच धरून चालते. त्या आळीचे म्होरके उत्तमराव समोरून आले की मी पदर नीट करायच्या निमित्ताने मान फिरवते.

आज देवळात गेले. महादेवापुढे उभी राहिले तर काय मागावं ते सुचेना. बुद्धी दे म्हणावं, तर जी द्यायची ती या वयापर्यंत देऊन झाली असेल. शेवटी म्हटलं, सोबत राहा. बेलाचं पान पिंडीवर नीट बसेना. 

१ ऑगस्ट, शुक्रवार

ठाण्यात बोलावलं होतं. ठाणेदार साहेब माणूस चांगला. चहा मागवला, खुर्ची दिली. म्हणाले, "पाटीलबाई, तुमचं पहिलंच वर्ष. पोळा बंद ठेवा. बैल घरोघर पुजा. पुढच्या वर्षी बघू."

मी विचारलं, आणि भरवायचाच असेल तर?

"तर आधी ठरवा, पहिली जोडी कुणाची. दोन्ही आळ्यांना सांगा. आणि काही झालं तर मी तुम्हालाच विचारणार."

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत वेळ मागून घेतला. त्यांनी दिला.

घरी सांगितलं तर हे म्हणतात, "साहेब एवढं सांगून राह्यले तं ऐक ना. कायले अंगावर घेतं?" खोटं कसं बोलू, मलाही तेच हवंय. बंद ठेवणं किती सोपं. एक लम्पीचं साल, एक काठ्यांचं साल, आणि हे तिसरं. मग चौथ्या साली तोरण बांधायचं कुणाच्या लक्षातही राहणार नाही, आणि दोन्ही आळ्या एकमेकींकडे पाठ करून सुखाने जगतील.

४ ऑगस्ट, दुसरा सोमवार

उत्तमराव घरी आले. उपास होता, त्यात हा पाहुणा. मामाजींजवळ बसले, त्यांचा निकामी हात आपल्या हातात घेऊन विचारपूस केली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. काय निगरगट्ट माणूस, असं वाटलं.

जाताना मला म्हणाले, "सूनबाई, पाटील कोणीबी होवो, पाळी आमचीच हाये. तुह्या सासऱ्यानंच देल्ली होती. त्याचा शब्द तू मोडतं काय?"

बघते, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

७ ऑगस्ट, गुरुवार

किसनभाऊ आले, यांचे चुलतभाऊ. आमच्या आळीत यंदा त्यांच्या घरचा नंबर लागतो, म्हणजे मान खालच्या आळीला गेला तर जोडी त्यांची. मामाजी पडल्यापासून आमच्या सोयाबीनचं डवरणं, वखरणं सगळं त्यांनीच केलं. एक रुपया घेतला नाही. सख्खा दीर करणार नाही एवढं.

म्हणाले, "वहिनी, मले मानाची हाव नाई. पन आळीले हाये. तुम्ही जे कराल ते करा." आणि निघून गेले. चहा गार झाला त्यांचा.

१० ऑगस्ट, रविवार

पारावर दोन्ही आळ्यांची बैठक. तासभर आरडाओरडा. मग एका म्हाताऱ्याने तोडगा काढला: महादेवासमोर चिठ्ठ्या टाका. लहान पोरीच्या हाताने उचला. देव देईल तो मान.

सगळ्यांना पटलं. उत्तमराव हाव म्हणाले, किसनभाऊ हाव म्हणाले. मला तर असं हलकं वाटलं की घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. देवानेच मार्ग काढला. म्हटलं होतं ना सोबत राहा, राहिला.

११ ऑगस्ट, तिसरा सोमवार

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते.

घरात कुणी नव्हतं. म्हटलं, आधी आपण आपल्या देव्हाऱ्यात विचारून बघू. एका चिठ्ठीवर पोळा भरव, एकीवर बंद ठेव. डोळे मिटले, उचलली. बंद ठेव. मन खट्टू झालं. म्हटलं, नीट हलवल्या नव्हत्या. परत. पुन्हा बंद. म्हटलं, पाय धुतले नव्हते. पाय धुऊन आले. असं करत करत शेवटी भरव निघाली, तेव्हा मी हात जोडले आणि म्हटलं, देवा, तुझी इच्छा.

आणि मग मलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू. देवाला विचारत नव्हतेच मी. त्याच्याकडून वदवून घेत होते. भरवायचा आहे हे मला आधीच माहीत होतं, फक्त बोल लागला तर तो त्याला लागावा, मला नाही.

आणि गाव तरी दुसरं काय करणार आहे? ज्यांची चिठ्ठी निघणार नाही ते म्हणतील पोरीने चोरून बघितलं. काठ्या निघायच्या त्या निघतील, फक्त देवळाच्या दारात.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उत्तमराव आणि किसनभाऊ दोघांकडे स्वतः जाऊन सांगितलं. चिठ्ठ्या नाहीत. पाळी कुणाची ते मी सांगेन, पंधरा तारखेला.

उत्तमराव म्हणाले, "देवापेक्षा तू मोठी झाली काय?" नाही झाले. सांगायला गेले तर दारातच दोनदा चप्पल काढली-घातली, एवढी लहान आहे मी. पण त्यांना हे कसं समजावणार?  

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी मामाजींचा हात शेकताना त्यांना सांगितलं. सगळ्यांच्या आधी. म्हटलं, पाळी खालच्या आळीची. लम्पीच्या साली त्यांचे बैल तोरणाखालून गेलेच नाहीत, मग पाळी झाली कुठं? मान बैलांचा आहे, सालाचा नाही. जोडी किसनभाऊंची. लोक म्हणतील घरचं पाहिलं, म्हणू देत.

 मामाजी एकेक शब्द उचलून ठेवावा तसं बोलले. "बराबर हाये तुहं. मलेबी हेच वाटत होतं. पन मी भेलो. लोक काय म्हनतीन, भेलो."

मी शेकायला लागले. ते म्हणाले, "थांब. अजून एक." आणि मग, "किसनानं मारलं."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, कुणाला?

"मले. मी मानासाठी वरच्या आळीचं नाव घेतलं. तो समोर होता. त्याचं तोंड दिसलं मले. मारलं अन् त्यालेच रडू आलं."

मी विचारलं, किसनभाऊंना माहीत आहे का तुम्ही पाहिलं ते?

"हाव."

म्हणजे वर्षभर दोघांना माहीत. तो आमचं शेत वखरतोय, मामाजी ओट्यावर बसून त्याला रामराम करतायत, मी चहा देतेय. साखर जास्त घालून, आवडतो म्हणून.

आत्ता का सांगता, असं ओरडलेच मी. म्हणाले, "निकाल द्याच्या आंधी तुले माईत पायजे. मांगून समजलं असतं तं म्हनली असती, बुड्ढ्यानं फसवलं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "बदलवतं काय आता?"

मी शेकायचं फडकं तिथेच टाकून उठले. 

यांना सांगता येत नाही. हे ऐकून गप्प बसणारे नाहीत, आणि चुलतभावाचं घर चार पावलांवर. कुणालाच सांगता येत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा वर गेला तोपर्यंत मला माहीत नव्हतं तोंडातून काय निघणार. ग्रामसभेत उठले.  मनात फक्त, महादेवा, महादेवा. मंत्र नाही, काही नाही, बुडणारा माणूस ओरडतो तसं.

बोलले. पोळा भरणार. पाळी खालच्या आळीची, जोडी किसनभाऊंची, पुढच्या साली वरच्या आळीची. लम्पीच्या सालाचं कारण सांगितलं. मधे अडखळले नाही, हे एक बरं.

उत्तमराव उठले. रागाने नाही, हेच जास्त लागलं. "आमाले माईत होतं. पाटलाचं घर त्याच आळीत हाये. सासऱ्यानं न्याय केला, सुनेनं भाऊबंद पाह्यला." मागून कुणीतरी म्हणालं, "अन् ज्यानं म्हाताऱ्याले मारलं त्याच्या आळीले शिक्षा बी झाली!" म्हणजे वरच्या आळीला. हशा झाला.

एक नाव घेतलं असतं तर सगळ्यांची तोंडं बंद. जिभेच्या टोकावर आलं होतं. किसनभाऊ खांबाजवळ उभे, खाली बघत. मी जीभ दाताखाली धरली, खरोखर धरली, आता जेवताना चुरचुरतेय.

आणि उत्तमराव निर्दोष आहेत. वर्षभर मी ज्यांना बघून मान फिरवली ते. त्यांनी मामाजींचा हात हातात घेतला होता तो खराच घेतला होता.

१६ ऑगस्ट, शनिवार

चिडले आहे. गावावर, किसनवर, मामाजींवर, आणि देवावर सगळ्यांत जास्त. सोबत राहा म्हटलं होतं, असं म्हटलं नव्हतं की ज्याने घर मोडलं त्याच्याच बैलांना हार घालायला लाव. बरोबर निकाल दिला आणि अख्ख्या गावाला तो चुकीच्या कारणाने दिल्यासारखा दिसतोय. देवा, माझी बाजू आता मामाजींशिवाय फक्त तुला माहीत आहे, आणि तू तर बोलत नाहीस.

हे म्हणाले, काही झालंय का तुला? म्हटलं, उन्हाने डोकं दुखतंय. ढगाळ आहे दोन दिवस.

१८ ऑगस्ट, शेवटचा सोमवार

जायचं नाही असं ठरवून गेले. भांडायला म्हणा. गाभाऱ्यात उत्तमराव होते, अभिषेक चालू. बाहेर पायरीवर बसले. ते आले, चपला घालताना म्हणाले, "काय मागून राह्यली?"

खरं तेच निघालं तोंडातून. म्हटलं, तुम्ही पोळ्याला यावं म्हणून.

दुसरी चप्पल घातली. "पाहू," म्हणाले.

आत गेले तर भांडण सुचेना. बसून राहिले. काही उजेड पडला, शांत वाटलं, असं काही झालं नाही. भीती होती तेवढीच आहे. पण एक कळलं, की दिल्यानंतर निकाल फिरवावा असं एकदाही मनात आलं नाही. चिडले, रडले, पण फिरवावा असं नाही. हे माझ्यातलं नाही. मी तर मिरच्या घेताना दोन दुकानं फिरून परत पहिल्याकडे येणारी बाई.

२१ ऑगस्ट, गुरुवार

खांदमळणी. घरोघर बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. आमच्याकडे आता ट्रॅक्टर, तरी मामाजींनी रिकाम्या गोठ्याच्या खुंट्याला हळद लावायला लावली.

ठाण्यात जाऊन जबाबदारी माझी म्हणून सही करून आले. ठा. साहेब म्हणाले, "दोन माणसं पाठवतो. पण आखरावर पुढे तुम्हीच." वरच्या आळीचे बैल येणार का, विचारलं. माहीत नाही म्हटलं.

बायका आखरावर जात नाहीत इथे. तोरणाची दोरी सोडायची पो.पा.ने. उद्या मी जाणार. मामाजी म्हणतात, मलेबी ने.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

दिवस मावळतोय. घडलं तसं लिहिते.

मामाजींना यांनी मोटारसायकलवरून आखरावर आणलं, खुर्ची दिली. खालच्या आळीचे बैल आधी आले, झुली, बेगड, घुंगरं. वरची आळी नाही. ढोल वाजतोय आणि अर्धं आखर रिकामं. माझ्या हातात दोरी. तळहाताला घाम इतका की दोरी सुटेल असं वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वरच्या बाजूने घुंगरं वाजली. उत्तमराव पुढे, मागे त्यांची आळी, सगळी नाही, पण बरीच. हातात काठ्या होत्या, बैल हाकायच्या. त्या तेवढ्यासाठीच आहेत का ते बघायला मी श्वास धरून होते.

दोरी सोडली. हर हर महादेव झालं. किसनची जोडी तोरणाखाली गेली. त्याने गुलाल उधळायचा असतो, त्याने मुठीतच ठेवला. मामाजींच्या खुर्चीसमोरून गेला, मान वर केली नाही. मग बाकीचे. उत्तमराव शेवटी. माझ्याकडे न बघता गेले. काठी कुणाची उठली नाही. दोन पोरं एकमेकांच्या अंगावर गेली, हवालदारांनी बाजूला केली. बस.

मला वाटलं होतं आनंद होईल. दोरी गुंडाळून तिथेच बांधावर बसले. परत येताना बायका कुजबुजत होत्या, भावकीचं राज्य आलं म्हणून. येऊ द्या.

आता बैल घरोघर फिरतायत. दारात आले की पाय धुवायचे, ओवाळायचं, बैलांना पुरणपोळी द्यायची, मालकाच्या हातावर बोजाऱ्याचे पैसे ठेवायचे. बऱ्याच जोड्या येऊन गेल्या. मानाची जोडी आळीतल्या एकाही घराला चुकवत नाही, पण आमच्या दाराला यायची आहे अजून.

मघाशी बाहेर गेले तर किसन कोपऱ्यावर उभा दिसला. कासरा हातात, दोन्ही बैल अंग झटकतायत, लोक पुढे चल म्हणतायत, तो हलत नाही. मी मामाजींना सांगितलं. त्यांनाही दिसतच होतं. हे म्हणाले, "किसन्या काऊन थांबला बे तिथं? हाक मारू?" मामाजींनी डावा हात वर करून अडवलं. म्हणाले, "येईन तं त्याच्या पायानं येईन."

मी आत येऊन लिहितेय, कारण बाहेर राहिले तर मीच हाक मारेन, नाहीतर नको ते बोलेन. दोन्ही येतं मला. आज देवाजवळ काही मागितलं नाही. निकाल द्यायचा होता तो दिला. या दोघांचं ते माझ्या हातातलं नाही, पो.पा. असले तरी.

पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवलाय. हे पुन्हा विचारतायत, काय झालं काय? मामाजी मला हाक मारतायत. निरांजनात तेल घाल म्हणतात, कमी झालंय.